माझ्या शंभराची रेघ

लातूर, ४ जून
हातानं केलेलं: रेघा कोरायचं यंत्र (स्क्रू भंगारातल्या लेथचा, महिनाभर घासला). वाफेचं तांब्याचं भांडं, दुहेरी भिंतीचं. बर्फाचा डबा. आणि थर्मामीटर. पारा भरलेली काचेची नळी कोरी येते; शून्य बर्फात, शंभर वाफेत, मधले भाग माझे. कॉलेजचं तोंड न बघता.
जळकोटहून धाकट्या बहिणीचा, रुक्मिणचा फोन. तिच्या हॅचरीत सगळे थर्मामीटर माझेच. पिल्लं उशिरा निघाली, निम्मी कवचातच मेली. म्हटलं, अंडी शिळी असतील.
"माझ्याच कोंबड्यांची हायती, दादा. शिळी कशी?"

७ जून
रु.चा परत फोन. अंडी उबवायच्या मशिनीत ताप मोजायचं थर्मामीटर ठेवून बघितलं म्हणे. "तुझं साडेसदतीस दावतंय, ते पावणेसदतीस."
"मेडिकलच्या काडीवर विश्वास, भावावर न्हाई?"
शेवटी म्हणाली, "बरं. तू म्हंतोस तर." नवी अंडी लावली. माझ्याच आकड्यावर.

९ जून
हवेचा दाब कमी तर पाणी लवकर उकळतं, हे मला ठाऊक होतं! म्हणून तर दरवेळी मोबाईलवर हवामानाचा दाब बघून शंभराची रेघ सरकवत आलो. आज तीच माहिती खालपर्यंत वाचली. तो दाब समुद्रसपाटीचा धरून सांगतात. लातूर केवढं उंचावर! इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. मी शंभराच्या हिशोबानं कोरत बसलो. एकूण एक नळी, साडेसदतीसला पाऊण अंश जास्त दाखवणारी. काचेवरचं पुसत नाही.
अंशाची व्याख्या आता उकळीवर नाहीच म्हणे. नसेल. माझी होती.

१० जून
रु.ला फोन. "सव्वाअडतीसवर ठेव."
"का? परवा तर..."
"ठेव म्हणतो ना."
कारण न सांगताच फोन ठेवला.


१२ जून
नांदेडचा दुकानदार दारात; त्याला नमुना पाठवला होता. खरं ते सांगितलं. त्याला सांगता आलं, बहिणीला नाही. हसला. "मिस्त्री, कोंबडीला कुठं कळतंय पाऊण अंश? उरलेला माल द्या सगळा, हदगावकडं खपवतो." नको म्हणालो. "लई ताठ माणूस बघा तुम्ही." ताठ कशाचा. रु.ची अंडी मशिनीतच. फोन वाजतोय, तिचाच. उचलला नाही अजून.
सगळ्या मालाचे पंचवीस हजार देत होता. रोख.