चिकटलेल्या काचा

४ फेब्रुवारी
आज शिव्या खाल्ल्या. काचा धुऊन रचताना मधे भुकटी मारायची असते — बारीक, पांढरी. मी विसरलो. ओल्याच एकावर एक ठेवल्या. सकाळी बघतो तर सगळी थप्पी एकजीव! मुकादम म्हणाला, "वा. आता ही एकच जाडजूड काच म्हणून विकू का?" सगळे हसले. मीपण हसलो. काय करणार.

५ फेब्रुवारी
दिवसभर काचा सोडवत होतो. ओढून निघत नाहीत. एक फुटली. डिंक नाही, खिळा नाही — मग धरलंय कोणी?

६ फेब्रुवारी
धाकटीला फोन केला. ती कॉलेजात रसायन शिकते, मी आठवीतच शाळा सोडली. "दादा, रेणू म्हणजे पदार्थाचे अगदी बारके कण. काचेचे, पाण्याचे, सगळ्यांचे. ते एकमेकांना ओढतात. एकेकाची ओढ म्हणशील तर काहीच नाही. पण अख्ख्या काचेवर किती असतील, विचार कर."
"मग मी भिंतीला का चिकटत नाही?"
"भिंत खडबडीत, तूही खडबडीत. अगदी खेटून आलं तरच ती ओढ लागते. जरा अंतर पडलं की संपली."
म्हणून भुकटी. तेवढं अंतर पुरतं.
बाबा कुठेत विचारलं. "आहेत इथेच." बोलतील का? तिने विषय बदलला. मी निघालो त्या दिवशी भांडण झालं, तेव्हापासून अबोला. आई गेल्यावर घरात ते दोघंच. आणि मी इथे.

८ फेब्रुवारी
कंपनीचं नवं काम निघालंय. आणखी लांब, जहाजाने जायचं, मधे सुट्टी नाही. मुकादम म्हणतो, "तुझ्यावाचून कोणाचं अडलंय?" खरंच, कोणाचं? खोलीत आम्ही तिघं. तिघंही भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघतो. बारा तारखेला नाव द्यायचंय. देऊन टाकतो.

९ फेब्रुवारी
सुटल्या काचा. कोमट पाण्यात ठेवल्या, कोपऱ्यातून पातळ पट्टी घातली, पाणी आत जाऊ दिलं. मग हळूच सरकवल्या. कोणालातरी सांगावंसं वाटलं. खोलीतल्याला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि कूस बदलली.

११ फेब्रुवारी
धाकटीला सांगितलं, लांब जातोय. भडकलीच. "जा. माझी मालिका तरी बघून होईल."
म्हणजे?
"तुझा फोन आला की बाबा टीव्ही बंद करतात. माझ्या खांद्याला खांदा लावून बसतात. सांगू नकोस म्हणतात."


१२ फेब्रुवारी
कामावर जाण्याआधी फोन केला. "बाबांना दे," म्हणालो. त्यांनी घेतला, श्वासावरून कळलं. बोलले नाहीत. बराच वेळ गेला. कोणीच फोन ठेवला नाही.
मुकादमाकडे नाव दिलं नाही.