बिनतारी संच, घर आणि छतावरचं ऊन

मी, निवृत्त वीज उपकेंद्र चालक, परवानाधारक हौशी रेडिओवाला, विधुर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला, तो इथे जोडलेला नाही.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं मुलाला दिलं होतं. ते आता रद्द समजावं. उभ्या नोकरीत मी चालू लाइनीवर हात घातला आहे, पण ते जुनं मृत्युपत्र फाडायला मला दोन दिवस लागले.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. म्हणाले, "काका, मृत्युपत्रात गोष्ट सांगत बसायचं नसतं. कोणाला काय, एवढंच लिहायचं." मी म्हटलं, "आणि का, ते कोण सांगणार? मी तर नसेन." त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिहा तुमच्या मनासारखं."

कलम १. राहतं घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, मागची रेडिओची खोली आणि गच्ची, हे सगळं माझ्या सुनेला. कोणतीही अट नाही. तिने पुन्हा लग्न केलं तरी घर तिचंच राहील. 'लग्न होईपर्यंत' असे शब्द नमुन्यात होते, ते मी खोडले आहेत. खोडल्या जागी सही आहे, ती माझीच आहे.

हे स्पष्ट लिहायचं कारण असं. ती काम करते त्या दवाखान्यातला औषधवाला तिला स्कूटरवरून सोडतो, आणि ती कोपऱ्यावरच उतरून चालत येते. गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, "कोपऱ्यावर कशाला उतरतेस? उन्हाचं चालायला लागतं. दारापर्यंत आण त्याला. चहा घेईल."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलाची तिने परत परत घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी जन्मभर रेडिओवर ऐकत आलो. निम्मी तर नुसती खरखर असते."

ती हसली, आणि हसता हसता टॉवेलात तोंड खुपसून रडली. मी मागच्या खोलीत निघून गेलो. बाप असतो तर जवळ घेतलं असतं. सासऱ्याला ते जमत नाही. म्हणून हे कलम.

कलम २. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणाला. पालक म्हणून तिची आई. नातीने काय शिकावं हे कोणी ठरवू नये. तिने बिनतारी शिकावं, बापाचं नाव पुढे चालवावं, असं तिला कोणी सांगितलं तर माझ्या वतीने त्याला दार दाखवावं.

कलम ३. या कलमात कोणाला काही दिलेलं नाही. पण याच्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

माझा मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा. उंचीमुळे मित्र त्याला टॉवर म्हणत, आणि हवेवर, म्हणजे आम्हा हौशी लोकांच्या बोलण्यात, तेच नाव चालायचं. रेडिओ त्याला मी शिकवला. तारेचा अँटेना गच्चीवर बांधताना तो माझ्या खांद्यावर चढायचा. नंतर नंतर त्याला नुसता हात वर केला की पुरायचं.

ते मोठं वादळ येणार हे उपग्रहाने चांगलं चार दिवस आधी दाखवलं होतं. किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली. खाडीकाठच्या गावातलं मोठं रुग्णालय मात्र हलवता आलं नाही. यंत्रांवर ठेवलेले रुग्ण नेणार कुठे? फोन बंद पडणार हे दिसत होतं, म्हणून प्रशासनाने आमच्यातले स्वयंसेवक मागितले. टॉवरने शाळेतून रजा घेतली. निघताना संच, तारेचं वेटोळं आणि दोन बॅटऱ्या जीपमध्ये टाकल्या.

"दोन्ही वर नेशील ना?" मी विचारलं.

"एक वर, एक जीपमध्ये. गाडीच्या बॅटऱ्या आहेत त्या, बाबा, एका वेळी दोन उचलल्या तर मलाच खाटेवर घ्यावं लागेल."

वादळ आलं. वीज गेली, फोन गेले. तो रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून बोलत होता आणि मी घरी मागच्या खोलीत बसून त्याचे निरोप पुढे देत होतो. तळमजला पाण्यात. जनित्र तळमजल्यावर, म्हणजे तेही पाण्यात. ऑक्सिजन इतका उरला आहे, इतके रुग्ण हलवायला हवेत, होड्या कोणत्या बाजूने आणायच्या. एक म्हातारा हौशी मला म्हणाला, "त्या भागातले सगळे टॉवर पडले म्हणतात. आपला एकच उभा आहे." खरंच होतं ते. त्याच्या निरोपांवर होड्या गेल्या आणि माणसं बाहेर निघाली. त्यांतल्या काहींनी नंतर मला पत्रं पाठवली. एका बाईंनी बाळाचा फोटो पाठवला. ते सगळं सुनेच्या कपाटात आहे, तिथेच असू द्यावं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पाणी मात्र जोरात वाहत होतं. आमचं शेवटचं बोलणं असं झालं.

"बाबा, छतावर काय ऊन पडलंय म्हणून सांगू! सौर पॅनेलं नुसती चकाकतायत. आणि माझी बॅटरी मरायला टेकलीय. ओव्हर."

"तिथून जोडून घेता येत नाही? ओव्हर."

"इन्व्हर्टर कुलपात आहे. आणि कुलूप तोडलं तरी लाइन नसली की तो झोपतो. तुम्हीच शिकवलंत की मला." तो हसला. त्या हसण्यात खरखर होती, पण हसणं ओळखू आलं. "जीप उंचवट्यावर लावलीय, तिच्यातली दुसरी घेऊन येतो. पाचेक मिनिटं. ओव्हर."

"पाणी किती आहे तिथे? ओव्हर."

उत्तर आलं नाही. उरलेली बॅटरी वाचवायला त्याने संच बंद केला होता.

मी ऐकत राहिलो. मधे दुसऱ्यांचे निरोप येत होते, तेही घेत राहिलो, कारण तेही कोणाचे तरी कोणीतरी होते. रात्र गेली, आणि सकाळी मदत छावणीतून एक नवा आवाज आला. तरुण मुलीचा, स्पष्ट, न चुकणारा. ती म्हणाली की सापडलेल्यांची नावं देते, लिहून घ्या आणि परत म्हणून दाखवा. आमच्यात तसा नियमच आहे. ऐकलेलं नाव एकेक अक्षर सुटं करून परत म्हणायचं, म्हणजे चूक राहत नाही, आणि चुकीच्या घरी रडणं जात नाही.

तिने एक नाव दिलं. पुरुष, खिशात रेडिओ परवाना, छातीशी धरलेली बॅटरी.

ते नाव मीच ठेवलं होतं. त्याच्या आईला दुसरं हवं होतं, मी हट्ट केला होता. मी त्यातलं एकेक अक्षर सुटं करून परत म्हटलं. सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिला ते माझ्या तोंडून, असं तुकड्यातुकड्यांनी कळलं. शेवटचं अक्षर यायच्या आधीच ती खाली बसली होती.

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "मिळालं ना? ओव्हर."

मी म्हटलं, "मिळालं."

त्याची आई आधीच गेली होती. तिचं तेवढं तरी बरं झालं.

कलम ४. माझा बिनतारी संच, त्याचा माइक, मोर्सची की आणि गच्चीवरचा अँटेना त्या मुलीला. त्या वेळी निरोप कोणाला देतो आहोत हे तिला माहीत नव्हतं. नंतर कोणीतरी सांगितलं. कित्येक महिन्यांनी ती घर शोधत आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"काका, मला माहीत असतं तर मी तुम्हाला परत म्हणायला लावलं नसतं."

"मग नाव चुकलं असतं," मी म्हटलं. "तू नियमाने वागलीस. माझं पोरही तेच करायचं."

तिने ते काम सोडलं आहे. आता कुठेतरी कापडाच्या दुकानात बसते. तिच्यासारखा आवाज कापडाच्या दुकानात वाया चालला आहे. तिने संच घ्यावा. चालवावाच असं नाही. पण चालवला तर कुठल्या तरी गावात, फोन बंद पडल्यावर, कोणाला तरी न चुकणारा आवाज ऐकू येईल. साक्षीदार म्हणून मला तिचीच सही हवी होती, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात.

कलम ५. माझ्या लाकडी पेटीतला चेंजओव्हर स्विच आमच्या वीज कंपनीच्या मोठ्या साहेबांना. त्या रुग्णालयाच्या छतावरच्या सौर पॅनेलांची फीत त्यांनीच कापली होती. भेटायला आले तेव्हा "तुमचा मुलगा वीर होता" म्हणाले आणि हार ठेवून गेले.

लाइन गेली की सौर यंत्रणा झोपते, हे योग्यच आहे. नाहीतर तिची वीज उलटी लाइनीत शिरून खांबावरच्या माणसाचा जीव घेईल. त्या सोयीने माझ्यासारखे किती जण वाचले असतील. पण मेन लाइन तोडून इमारत आपल्यापुरती चालवायला एक असा स्विच, योग्य जातीचा इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या लागतात. ते फीत कापण्यासारखं दिसत नाही, म्हणून बसवत नाहीत. छत भरून ऊन होतं आणि त्याच छताखालचा माणूस बॅटरी आणायला पाण्यात उतरला. साहेबांनी हा स्विच टेबलावर ठेवावा. भेटायला येणाऱ्याने हे काय म्हणून विचारलं, तर सांगावं.

आता आपत्तीसाठी अॅप काढलं आहे असं ऐकतो. नेट असेल तर छान चालतं म्हणे.

कलम ६. माझी मोठी पक्कड गल्लीतल्या वायरमनला. ती उसनी नेल्यापासून त्याच्याकडेच आहे, आता हक्काने वापरावी. मल्टीमीटर मात्र त्याला देऊ नये. तो शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा, जिथे टॉवर शिकवायचा.

कलम ७. माझं दहन विजेवर करावं. आयुष्यभर लोकांना वीज पोचवली, शेवटची थोडी मला घेऊ द्या. लाइन गेलेली असेल तर कोणी साहेबांना फोन करू नये. थांबावं. थांबायची सवय आहे मला.

कलम ८. खिडकीतली आरामखुर्ची मेहुण्यांना, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाला. दर रविवारी ते तिच्यात बसून माझ्याशी भांडतात. भांडणाचा विषय एकच. "आभाळात रॉकेटं उडवायला पैसा आहे, आणि खाली माणसं बुडतायत. तुमच्या पोराला काय उपयोग झाला त्या उपग्रहाचा?"

मी दर वेळी सांगत आलो, इथे शेवटचं लिहून ठेवतो. वरचं काम चोख झालं होतं. त्या उपग्रहाने वादळ पाहिलं, म्हणून किनाऱ्यावरची हजारो माणसं आज जेवतायत. त्याच्यावर केलेल्या खर्चातला छदामही मी परत मागणार नाही. फसलं ते खाली, जमिनीवर. तिसऱ्या मजल्यावर पोचता पोचता सगळं विज्ञान एका माणसाच्या हातातल्या बॅटरीवर येऊन थांबलं. वर खर्च करा, पण शेवटच्या जिन्यापर्यंत करा. मेहुणे, मला तुमचं पटत नाही, म्हणून मी रडत नाही असं समजू नका.

हे सगळं असूनही खुर्ची त्यांना, कारण पुढच्या कलमात त्यांनी जे केलं ते मला जमलं नाही.

कलम ९. हे नातीसाठी. ती मोठी झाल्यावर तिने वाचावं.

बाळा, तू विचारलंस, "आजोबा, बाबाचा आवाज कसा होता?" मी उठलो आणि सगळे कप्पे उघडले. इतकी वर्षं बोललो, पण आवाज साठवून ठेवलेलाच नव्हता. बोलायचं आणि सोडून द्यायचं, हीच आमची रीत. तुझ्या आईच्या फोनवर लग्नातली दोन वाक्यं सापडली, त्यांतही मागे बँड वाजतोय.

तेव्हा मामाआजोबांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, तुला मांडीवर घेतलं. रॉकेटांवर जन्मभर चिडलेला तो माणूस तुला म्हणाला, "तुझ्या बाबाचा आवाज आता ताऱ्यांमधून चाललाय. कधीच थांबणार नाही तो." तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या अंगावर पांघरूण घातलं. तू शांत झोपलीस.

आता खरं सांगतो. आमच्या लहरी त्या जातीच्या नव्हेत. आभाळाच्या वरच्या थराला लागून त्या परत खाली येतात, म्हणून तर दूरच्या माणसाशी बोलता येतं. तुझ्या बाबाचा आवाज ताऱ्यांकडे गेला नाही. तो सगळाच्या सगळा खाली आला. होडीवाल्यांकडे आला, त्या बाळाच्या आईकडे आला, या खोलीत माझ्याकडे आला. वर काही गेलं नाही, बाळा. जेवढा होता तेवढा माणसांना मिळाला.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १७ फेब्रुवारी

सही
(निवृत्त उपकेंद्र चालक)

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली. सही करताना ते मधे एकदा थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा लिहू लागले.

साक्षीदार १: सही (शेजारच्या निवृत्त परिचारिका)
साक्षीदार २: सही (कोपऱ्यावरचे शिंपी)