डोळा मारणारा दिवा

गुरुवार, दि. १२
सकाळी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही असशील असं धरून चालते.

आईच्या गुडघ्याची सूज आता उतरली आहे. जिना उतरताना ती कठडा धरते. मी बघतेय असं दिसलं की सोडून देते. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तुझ्या खोलीची खिडकी रंगवून घेतली. आईला रंग पसंत नाही, "दवाखान्यात झोपल्यासारखं वाटेल त्याला," म्हणाली. तू येशील तेव्हा तूच काय ते ठरव.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागदाचा एक गुण असा की त्याला मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस चार ओळी वाचतोच.

आता गेल्या रविवारच्या शर्यतीचं. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण क्रमाने लिहिलं की माझंही डोकं जागेवर राहतं. त्या लांब डाव्या वळणावर इंजिनातलं तेल एका बाजूला सरकतं, क्षणभर तेलाचा दाब घटतो, तुझ्यासमोरचा लाल दिवा लुकलुकतो आणि वळण संपलं की विझतो. अख्खा मोसम आपण त्याला हसत आलो. दिवा डोळा मारतो, हा आपल्या टीमचा लाडका विनोद. "ताई, आज दोनदा मारला. आता घरी स्थळ घेऊन येणार बहुतेक," असं तू रेडिओवर सांगायचास आणि ट्रॅकच्या कडेला पिटच्या भिंतीवर बसलेले आम्ही सगळे खिदळायचो. धोक्याची खूण रोज दिसायला लागली की माणसं तिला घरातलीच समजायला लागतात.

रविवारी वळण संपलं आणि दिवा विझला नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर आकडे होते. सरळ रस्त्यावर तू गाडी ताणलीस. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका तेलाचा दाब वाढायला हवा. तो उतरत गेला.

मी म्हटलं, "ऑइल प्रेशर पडलंय. इंजिन बंद कर."

तू म्हणालास, "डोळा मारतोय गं. पुढचा माणूस दिसतोय मला, थांब जरा."

मी म्हटलं, "मारत नाहीये, वटारतोय. बंद कर."

आणि तू बंद केलंस. पुढचा माणूस हाताच्या अंतरावर असताना, आणखी एक शब्द न बोलता बंद केलंस आणि गाडी गवतावर नेलीस. पुढे तू जे काही बोललास ते मी विसरेन, हे विसरणार नाही.

पण बोललास ते सगळ्यांसमोर बोललास. हेल्मेट काखेत, घामाने केस चिकटलेले, आणि आवाज असा शांत की टीमचे मालकही मागे सरकले. "गाडी बिघडली नव्हती, ताई. तू घाबरलीस. तुझ्या भीतीने मला खाली उतरवलं."

मग सोमवारी गॅरेजमध्ये तेल बदललं, दाब मोजणारा सेन्सर बदलला, इंजिन सुरू केलं, काटा ताठ वर गेला आणि टाळ्या पडल्या. सेन्सर खराब होता, इंजिन ठणठणीत, प्रकरण मिटलं. अरे, ते इंजिन थंड होतं. थंड तेल काकवीसारखं दाट असतं, झिजलेल्या इंजिनातही ते दाब दाखवणारच. तापून पातळ झालं की खरं काय ते कळतं. धावून आलेल्या माणसाची छाती तपासायची ती त्याला दुपारभर झोपवून तपासायची, आणि वर म्हणायचं, काही झालेलं नाही. मालकांना इंजिन उघडायचं नाही, कारण उघडलं तर या रविवारच्या शर्यतीच्या आत पुन्हा जोडून होणार नाही. एवढं सरळ आहे ते. ज्याला उत्तर नको असतं तो प्रश्न थंड असतानाच विचारतो.

माझं म्हणणं एवढंच: रविवारच्या आधी इंजिनाखालचं तेलाचं पात्र उतरवा आणि दांडा ज्यांत फिरतो ती बेअरिंग डोळ्यांनी बघा. चांगली निघाली तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन, आणि माझ्या आवाजात मागेन, म्हणजे पार स्टँडच्या वरच्या रांगेपर्यंत जाईल.

आणि मी घाबरले म्हणालास. ज्या सभांमध्ये माझ्यावर चपला आल्या तिथे मी भाषण पुरं करून खाली उतरले आहे. माइक बंद पाडला तर माइकशिवाय बोलले आहे. या आवाजासाठीच तू मला रेडिओवर बसवलंस ना? "इंजिनाच्या वर ऐकू येईल असा एकच गळा आहे आमच्या घरात," असं मालकांना सांगून? तो गळा भित्र्या बाईचा नाही.

रविवारी भिंतीवर भेटू. हेडफोन माझ्याच कानावर असेल.

तुझी, मुळीच न घाबरलेली,
ताई


शनिवार, दि. १४
दुपारी

भिंगरी,

आशीर्वाद. आज नळ नाही, खिडकी नाही.

गुरुवारचं पत्र तुला मिळालं, हे आपल्या मेकॅनिकने, उस्तादने सांगितलं. तू ते वाचून खिशात ठेवलंस म्हणे, फाडलं नाहीस. म्हणून हे दुसरं. तुझ्या हेल्मेटच्या पिशवीत ठेवणार आहे, म्हणजे तुझ्या हाताखाली येईलच.

त्या पत्रात मी खोटं लिहिलं. हेडफोन माझ्या कानावर असणार नाही, हे मला बुधवारीच माहीत होतं. मालकांनी ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मी ओळखलं. "रविवारी रेडिओवर मीच बसतो," म्हणाले. मी कारण विचारलं तर टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. ड्रायव्हरचीच इच्छा आहे." मी तुला तसं कळवलं नाही. मला वाटलं, मी भिंतीवर भेटू असं लिहिलं की तुला लाज वाटेल आणि तू इच्छा बदलशील. सभेत चालतं हे. भावापुढे चालत नाही.

दुसरं यापेक्षा मोठं आहे. ते लिहायला सकाळपासून बसले आहे आणि आत्ता दुपार झाली.

सोमवारी तेल बदललं तेव्हा जुना ऑइल फिल्टर पिंपात टाकला. तो मी उचलून घरी आणला. बुधवारी, ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि पत्रा कापायच्या कात्रीने त्याचा डबा उघडला. आतल्या कागदाच्या घड्या पिळून एकेक उलगडल्या. तूच शिकवलं होतंस: इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते फिल्टर सांगतो.

आई चष्मा लावून शेजारी आली. "सोनं सापडलं का गं?" म्हणाली.

घड्या चमकत होत्या. प्रत्येक घडी. बारीक, सोनेरी, करडा कीस.

तू म्हणशील, कात्रीने पत्र्याचा चुरा पडला असेल. मीही तेच म्हटलं. देवाशप्पथ, मला तेच हवं होतं. फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि चमकीवरून फिरवलं. पत्रा असता तर चिकटला असता. एक कण चिकटला नाही, म्हणजे तो बेअरिंगचाच मऊ धातू, झिजून आलेला. मी पुन्हा फिरवलं. आईने माझ्या हातातून चुंबक घेऊन स्वतः फिरवून पाहिलं. तिला बेअरिंग म्हणजे काय ते माहीत नाही. पण माझं तोंड तिने पाहिलं होतं. चुंबक फ्रिजवर परत लावलं, सरळ केलं, आणि म्हणाली, "त्याला सांगितलंस?"

नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुला दोन पानं लिहिली, त्यात नळ लिहिला, खिडकी लिहिली आणि हे लिहिलं नाही. का, ते सांगते. तुला माहीत नव्हतं तोवर मला एक आधार होता, की त्याला कळलं असतं तर तो थांबला असता. तुला सांगितल्यावरही तू गाडीत बसलास तर तो आधारही जातो. मग मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? मालकांच्या? मला एवढीच भीती होती, की तू हे वाचशील, घडी घालशील आणि हातमोजे चढवशील.

उस्तादकडे गेले होते काल. काचेच्या बरणीत त्या घड्या घालून नेल्या. त्याने बरणी उजेडात धरली, लगेच खाली केली आणि झाकण घट्ट लावलं. "ताई, हे मला दाखवू नका."

"बघितलंस ना पण?"

"बघितलं तर मला इंजिन उघडावं लागेल. उघडलं तर रविवारी गाडी नाही. गाडी नाही तर सोमवारी मी नाही." मग नट आवळायचे पाने उगाच पुसत राहिला. "तुमचा भाऊ हाताचा पक्का आहे. काही झालंच तर सांभाळेल."

काय सांभाळशील तू? तेलाचा पापुद्रा फाटला की धातूवर धातू घासतो, तापतो आणि क्षणात जाम होतो. इंजिन जाम झालं की मागची चाकं जाम. ते तुझ्या सोयीच्या जागी होणार नाही, तेल जिथे सरकतं तिथेच होईल, त्या लांब डाव्या वळणावर, गाडी पूर्ण वेगात, आणि उजवीकडे भिंत. अडकलेल्या चाकांना हाताचा पक्केपणा कळत नाही.

मी आयुष्यभर धैर्यावर बोलत आले. आता मला त्या शब्दाची चीड येते. इथे सगळेच घाबरलेले आहेत रे. मालक हरण्याला घाबरतात. उस्ताद घरी बसण्याला घाबरतो. तू हसणाऱ्या लोकांना घाबरतोस, "बहिणीने हाक मारली आणि हा उतरला" म्हणणाऱ्यांना. तुमच्या भीतीला तुम्ही हिंमत म्हणता आणि तिला गाडीत बसवता. मरणाला घाबरणारी मी एकटी, तर भित्री मी.

ठीक आहे. आहे मी भित्री. पहिल्या शर्यतीपासून आहे. तू वळणाआड गेलास की दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही. भिंतीवर माझ्या शेजारी बसणारा वेळ मोजणारा मला म्हणायचा, "ताई, तुम्ही निळ्या पडता." रेडिओवर मी ओरडायचे ते आवाज थरथरलेला कळू नये म्हणून. रविवारी तू म्हणालास मी घाबरले, ते खरं होतं. फक्त दिवाही खरा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे तिथे कुणालाच पटलं नाही, आणि मलाही लगेच सांगता आलं नाही.

इथपर्यंत घरी लिहिलं. हे पुढचं गॅरेजमध्ये लिहिते आहे, तुझ्या गाडीच्या चाकावर कागद ठेवून.

सगळे जेवायला गेले आहेत. पिशवी तुझ्या सीटवर होती, म्हणून मी वाकले. गाडीत नवं काही नाही, तीच तेलाची आणि तापलेल्या रबराची घाण. समोरच्या पॅनेलवर सवयीने नजर गेली, दिवा शोधला. दिसला नाही. मला वाटलं, काढूनच टाकला. मग बोट फिरवलं.

काळी चिकटपट्टी. नीट कापलेली, कोपरे गोल केलेले, नखाने दाबून बसवलेली. ते गोल कोपरे मी ओळखते. शाळेच्या वह्यांवरची लेबलं तू अशीच कापायचास, टोकं उचकटू नयेत म्हणून.

 इथेच खाली बसले आहे. बाहेर कुणी तरी पत्र्यावर काही तरी टाकलं तर मी इतकी दचकले की पेन सुटलं.

म्हणजे तुला माहीत आहे. फिल्टर नसेल पाहिला, पण माहीत आहे. ज्याची गाडी ठणठणीत आहे त्याला दिवा झाकावा लागत नाही. तूही घाबरला आहेस, भिंगरी. त्या वळणावर दिवा लागेल आणि तो बघून आपला पाय उचलला जाईल, याची तुला भीती वाटते. रेडिओवरून मला काढलंस ते याचसाठी, आणि ही पट्टीसुद्धा लावलीस ती याचसाठी. तुला सावध करणारं आता तुझ्या गाडीत काही उरलं नाही.

मी पट्टी काढली आहे. परवानगी विचारली नाही. तिच्यामागे दिव्याची काच स्वच्छ आहे.

उद्या मी त्या डाव्या वळणाच्या आधी, सरळ रस्त्याच्या कठड्याशी उभी असेन. तिथून ओरडले तर तुला ऐकू येणार नाही, माझा गळाही तिथे पुरणार नाही. बरणी माझ्या हातात असेल. ती तुला दिसणार नाही. तू जाशील तेव्हा मी फक्त बघू शकेन. आईला मी येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, "तू एकटी कशी बघशील?" म्हणजे आम्ही दोघी असू.

गाडीत बसू नकोस. बसलासच, तर दिवा उघडा ठेव, आणि वळण संपल्यावरही तो विझला नाही तर बंद कर. रविवारी केलंस तसं, एक शब्द न बोलता. या वेळी सांगायला कुणी नाही. हात तुझा आहे.

तुझी पट्टी मी फेकलेली नाही. खाली, माझ्या सहीतल्या एका शब्दावर चिकटवली आहे. गुरुवारच्या पत्रात त्याच जागी मी खोटा शब्द लिहिला होता, आज खरा लिहिला आहे. दिवा पुन्हा झाकायचा असेल तर पट्टी इथून सोडवून घे. सोडवलीस की तो शब्द तुला वाचावा लागेल.

तुझी,
▬▬▬▬▬▬
ताई