हातमोज्यातला हात

प्रिय खिळ्यादादा,

या नावाने दचकला असशील. तुला अशी हाक मारणारा जगात एकच माणूस, आणि हे वाकडंतिकडं अक्षर त्याचं नाही. आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे पुढे पत्र फाडलंस तरी चालेल. तुझे बाबा जिवंत आहेत. डोळे पूर्ण गेले, गुडघे गेले, पण जीभ अजून बूट शिवायच्या आरीसारखी टोचते. ते ज्या वृद्धाश्रमात आहेत तिथे मी कामाला आहे. त्यांची अंघोळ, कपडे, खाणंपिणं माझ्याकडे. आणि दादा, तुझ्या दोन गोष्टी मी तुला न विचारता वापरल्या. एक घेतली, एक देऊन टाकली. दोन्ही माझ्या नव्हत्या.

मी कोण, तर सांगण्यासारखं काही नाही. सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पायाला भिंगरी. बेकरीत होतो, कोंबड्यांच्या शेडवर होतो, ट्रकवर क्लीनर होतो. त्या ट्रकचा ड्रायव्हर उतार आला की डोळे मिटून प्रार्थना करायचा. मी म्हटलं, काका, प्रार्थना मी करतो, तुम्ही डोळे उघडे ठेवा. असो, विषय भरकटला. सांगायचं काय, तर प्रत्येक ठिकाणी मी वेगळं नाव सांगायचो. खरं नाव सांगितलं की माणूस कुठला, कोणाचा, घरी कोण, सगळं पाठोपाठ सांगावं लागतं.

इथे आलो ते थंडीपुरतं. मेट्रनबाई कडक. त्यांच्या चपलांचा आवाज आला की भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहतात. त्यांचा पहिला नियम, म्हाताऱ्यांचं काही करताना रबरी हातमोजे घालायचे आणि काम झालं की काढून टाकायचे. सुरुवातीच्याच दिवसांत मी तुझ्या बाबांची चादर बदलत होतो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाले, खिळ्या, आलास? मी म्हणालो, हो बाबा.

का म्हणालो? खोटं कशाला सांगू, पुढच्या खाटांवरचे म्हातारे ओल्या चादरींत खोळंबले होते आणि हो म्हटलं की ते माझा हात सोडतील असं वाटलं. पण त्यांनी सोडला नाही. रडायला लागले. म्हणाले, तो जोड मी गटारात टाकायला नको होता. मला तेव्हा कुठला जोड ते माहीत नव्हतं. माफ केलंस का रे, असं विचारलं. मी म्हटलं, केव्हाच केलं बाबा, आता पाय उचला. बघ, एका हाताने चादर ओढत मी तुझी माफी देऊन टाकली. शिळा पाव पाखरांना टाकावा तशी.

मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं, डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. साधासुधा नाही, लांबलचक. तुझ्या जाण्यायेण्यावर, तुझ्या हातांच्या कामावर, तू ज्या घरी झोपशील त्या घरावर. दादा, माझ्या डोक्यावर तोवर हात पडला होता तो टपली मारायलाच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उगाचच तोंड धुत राहिलो.

पहिलं खोटं आळसाचं होतं. पुढची सगळी हावरटपणाची. मी रोज जायला लागलो. काम नसलं तरी हातमोजे चढवून जायचो, कारण ते माझे हात चाचपायचे आणि मोज्यातून त्यांना काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. ते तुझ्या गोष्टी सांगायचे. लहानपणी त्यांचं बघून तूही चपला-बुटांच्या दुकानात तोंडात खिळे धरून बसायचास. एकदा एक गिळलास, तो बाहेर पडेपर्यंत घरात कोणी जेवलं नाही आणि तेव्हापासून तू खिळ्या. मी हसायचो, म्हणायचो, हो बाबा, आठवतं ना. त्या जोडाचंही हळूहळू कळलं. तू दुकानात कामाच्या पाटावर बसणार नाही म्हणालास, तर तू स्वतः शिवलेला बुटांचा पहिला जोड त्यांनी गिऱ्हाइकांदेखत गटारात भिरकावला आणि तुला उंबरा बंद केला.

एके दिवशी म्हणाले, शास्त्र वाचून दाखव. त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उशाशीच असतं. त्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतः चामडं चढवलंय, बुटाच्या टाक्यांनी. कुठून वाचायचं ते मला कुठे ठाऊक? मी आपला पहिल्या पानापासून सुटलो, अडखळत, ठेचाळत. बाग आली, पूर आला, बुरूज आला. मला वाटायचं, धर्माच्या पुस्तकात सगळी चांगली माणसं असणार. कसलं काय! आमच्या ट्रकच्या नाक्यावर जमायची तसलीच मंडळी. मला आवडायला लागलं.

आणि मग ते पान आलं. तुला ते पाठ असेल, तू त्यांच्यात वाढलास. मला ठाऊक नव्हतं. बाप म्हातारा, आंधळा. थोरला मुलगा अंगाने केसाळ, तो बाहेर गेलेला. धाकटा हातांना बकऱ्याचं कातडं गुंडाळून बापापुढे जातो आणि म्हणतो, मीच तुमचा थोरला. म्हातारा त्याचे हात चाचपतो आणि थोरल्याचा आशीर्वाद त्याला देऊन टाकतो. दादा, माझ्या हातांत तेव्हा मोजे होते. रबराच्या आत घाम सुटला. पुढे थोरला परत येतो आणि ओरडून रडतो, बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता का? तिथे मी थांबलो.

बाबा म्हणाले, थांबलास का? वाच की. मी मोजे काढले. म्हटलं, बाबा, मी खिळ्या नाही. आणि माझं नाव सांगितलं. खरं. बऱ्याच वर्षांत उच्चारलं नव्हतं, मलाच दुसऱ्या कोणाचं वाटलं.

ते हसले, दादा. म्हणाले, गाढवा, मोज्यातून पाय ओळखण्यात जन्म गेला माझा, हातमोज्यातून हात ओळखणार नाही? पहिल्याच दिवशी कळलं होतं. खिळ्याच्या अंगठ्याला आरीचा खड्डा आहे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, थंडी वाजत असली की पांघरूण कोणाचं ते माणूस विचारत नाही. तू एकटाच लबाड नाहीस, मीही तुझ्या मोज्यात हात घालून बसलो होतो. मग माझा उघडा हात त्यांनी हातात घेतला. म्हणाले, येशू म्हणाला, मी सत्य आहे. मी सोय आहे, असं नाही म्हणाला.

दादा, मी अडाणी माणूस, पण एवढी वर्षं गावोगाव कशापासून पळत होतो ते मला त्या वाक्यात कळलं. तो कातडंवाला धाकटाही पळतच होता. पुढे वाचलं तर एका नदीकाठी कोणीतरी त्याच्याशी झोंबतो आणि विचारतो, तुझं नाव काय? या वेळी तो स्वतःचं सांगतो आणि मग त्याला त्याचा स्वतःचा आशीर्वाद मिळतो. मी आता रोज प्रार्थना करतो. येत नाही नीट. नाव सांगतो आणि गप्प बसतो. पण माझ्या मनावरचं ओझं काही उतरत नाही, कारण बाबांनी मला माफ केलं तरी तू कुठे केलंयस? आणि तुझ्या नावाने मी त्यांना जे दिलं, ते तर खोटंच निघालं.

हे पत्र मात्र माझ्या ओझ्यासाठी नाही. परवा खाटेवर उठून बसायचा हट्ट त्यांनी सोडला. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात मेट्रनबाईंशी हळू बोलले, तेव्हाच मी बाईंकडे नोंदवहीतला तुझा पत्ता मागितला. त्यांनी नियम न सांगता दिला. बाबांना सांगितलं, तुम्ही बोला, मी लिहितो. म्हणाले, एवढंच लिही की मी चुकलो. आशीर्वादाचा विचार करू नको म्हणावं, शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्याकडे एकच होता, माझ्याकडे खिळ्याचा वेगळा ठेवलाय. पण तो त्याच्या माफीच्या बदल्यात नाही. आणि मग म्हणाले, माफ करवत नसेल तर तेही त्याने येऊन सांगावं. तुझा खोटा होकार पुष्कळ दिवस पांघरला, आता त्याचा खरा नकारही मला चालेल. म्हणून लिहितोय दादा. ये. काय म्हणायचं ते तू ठरव, पण तुझ्या तोंडाने म्हण. आत येताना कोणी मोजे पुढे केले तर घालू नकोस. मेट्रनबाईंशी मी बोललोय.

तुझ्या जागेवर बसलेला आणि आता उठून उभा राहिलेला,
तुझाच
उसना धाकटा