जिथं शाळा असेल तिथंच

शनिवार, २२ नोव्हेंबर. मुलुंड.

सकाळी वर्गात रोमानियाची जुनी राज्यघटना शिकवली. प्राथमिक शिक्षण सक्तीचं, पण जिथं शाळा असेल तिथंच. पोरं खदखदून हसली, मीही हसले. कसली पळवाट ठेवलीय लेकाच्यांनी!

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. शेजारची पालिकेची शाळा बंद करून ती जागा आम्हाला पार्किंगला द्या, अशी मागणी करायची होती. सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायदा शिकवता. पुढे लफडं नाही ना होणार?"

जिथं शाळा असेल तिथंच! सुचलंच मला. "शाळाच नसेल तर सक्ती कसली?" टाळ्या पडल्या. ठराव मताला आला तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर. का नको? माझी गाडी कधीपासून रस्त्यावर उन्हात सडतेय.

माझी कामवाली सुरेखा तिथंच चहा वाटत होती. तिची मुलगी त्याच शाळेत, चौथीला. कप गोळा करताना म्हणाली, "सक्ती नाही ना ताई? मग सोमवारपासून तुमच्याकडे भांड्यांना पोरीलाच पाठवते. मला दुसरं काम मिळालंय."



"लवकर पाठव," म्हटलं. "माझं पहिलं लेक्चर असतं."