लिंबाखालचा पॉइंट

अब्बा,

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. नोकरी लागायच्या आधीच तुम्ही गेलात. बुलढाण्याला एका ऑफिसात बसून मी जिल्ह्याचे नकाशे करते. उपग्रहाची चित्रं कॉम्प्युटरवर घ्यायची, शेत कुठलं, पाणी कुठलं, वस्ती कुठली हे रंगांवरून वेगळं काढायचं. रस्ता कुठून न्यावा, गोदाम कुठं बांधावं, हे त्यावरून वरचे लोक ठरवतात. याला जीआयएस म्हणतात. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, यात फायदा कोणाचा? हल्ली मीही तेच विचारते.

मध्यंतरी आपल्या भागात धान्याच्या गोदामासाठी मोकळ्या जागा शोधायच्या होत्या. आपलं गाव उघडलं, तर ओढ्यापलीकडचं कब्रस्तान पिवळं दिसलं. पिवळं म्हणजे पडीक, घ्यायला मोकळं. त्यात साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागून, म्हणजे सगळ्यात सोयीचं. तुम्ही तिथं आहात. लगेच वाटलं, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. शेजारच्या गावची स्मशानभूमी नकाशात बरोबर आली, मग आपलंच तेवढं कसं चुकलं? पलीकडच्या शेतवाल्यापासून आमच्या साहेबांपर्यंत सगळ्यांवर मी मनातल्या मनात आळ घेऊन मोकळी झाले.

हा स्वभाव तुमचाच. तुम्ही गाद्या भरायचात आणि कापूस देणाऱ्या कोणावरही तुमचा विश्वास नसायचा. एकदा बाजारात व्यापाऱ्याने पोतं उघडलं आणि मी म्हटलं, काय पांढरा आहे. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं. “वरून सारा पांढराच दिसते. आतमधी हात घाल.” मी घातला, तर खाली जुन्या गादीचा काळपट कापूस. व्यापारी हसला, तुम्ही नाही. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नव्हते.

तर त्या दिवशी ऑफिसात मी ते चित्र मोठं करून पाहत बसले. आपल्याकडे कबरीवर सिमेंट चालत नाही, तुम्हीच कोणाला चालू दिलं नाही. मातीचा उंचवटा करायचा, तो पावसापाण्याने बसत जातो, वर गवत उगवतं, उन्हाळ्यात वाळतं. कॉम्प्युटरला फक्त रंग कळतो. त्याला ते पडीक रान वाटलं. शेजारच्या गावच्या स्मशानभूमीत पत्र्याची शेड आहे, ती वरून चमकते, म्हणून ती ओळखू आली. कोणी काही केलेलं नव्हतं. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं, पण मला उलट रागच आला. माणसाने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

साहेबांना दाखवलं. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅडम, हे तुमचंच गाव ना?” मी हो म्हटलं. मग तुम्हीच जाऊन, जागेवर उभं राहून यंत्रात हद्दीचे पॉइंट नोंदवून आणा, म्हणाले. मलाच का पाठवतायत? उद्या कोणी म्हणावं की बाईने आपल्या लोकांची जागा राखून घेतली, म्हणून? एसटीत बसून गावापर्यंत मी हेच दळत राहिले.

तुम्हाला नेलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मयतीबरोबर आपल्या बायका पुढं कब्रस्तानात जात नाहीत. इतक्या वर्षांत ते कब्रस्तान मी रस्त्यावरून पाहिलं, नाहीतर आकाशातून. आता हातात सरकारी यंत्र घेऊन फाटकापाशी उभी आहे आणि राखण करणारे चाचा म्हणतायत, “बेटा, बाया आत येत नाहीत.” मी सगळं सांगितलं. नकाशात ही जागा मोकळी दिसते, पॉइंट घेतले नाहीत तर इथं गोदाम होईल. चाचांनी फाटकाची तार काढली आणि माझ्या पुढं चालायला लागले.

कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत हद्द पुरी केली. परत निघताना माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, आमच्या अब्बांची कोणती? चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी जमीन सारखीच दिसत होती. मग हात लिंबाकडे केला. “तिकडं. त्या लिंबाखाली.” मी तिथं गेले, उभी राहिले, दुवा मागितली, खूप रडले. आणि एक पॉइंट घेतला.

ऑफिसात हद्द दुरुस्त केली. कब्रस्तानाचा रंग बदलला, गोदामासाठी दुसरी जागा निघाली. साहेबांनी काहीही न विचारता सही केली. इतक्या सहज का केली, हे अजून मला खुपतं.

लिंबाखालचा पॉइंट मी सरकारी नकाशात दिला नाही, तो माझ्याकडेच आहे. आणि अब्बा, मी मूर्ख नाही. बोट दाखवण्याआधी चाचा किती घुटमळले ते मी पाहिलंय. रडवेली पोर रिकामी परत जाऊ नये म्हणून त्यांनी कुठलंही एक झाड दाखवलं असेल. भाईजान तुम्हाला खांदा द्यायला होता, त्याला एक फोन केला की खरं काय ते कळेल. मी तो फोन करणार नाही.