तुझ्या आईचं पाणी

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू म्हणालीस, बाबा, तुम्ही आहात म्हणून मला आईची काळजी नाही. मी नुसतं हं म्हणून फोन ठेवला. तोंडाने सांगायचं धाडस होईना, म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. आत तुझ्या आईला सलाइन चालू आहे. गुरुवारी घरी सोडतो म्हणतात. शेजारचे उद्या तुझ्याच गावी निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो, म्हणजे गुरुवारच्या आत तुला मिळेल.

तुला आम्ही अर्धंच सांगत आलो. आई विसरते, जेवली तरी जेवले नाही म्हणते, हे तुला माहीत आहे. तिला कपड्यातच होतं, हे नाही सांगितलं. वर्ष होत आलं. आधी खोकताना, शिंकताना थोडंसं व्हायचं. मग बाथरूम कुठल्या बाजूला तेच आठवेना, पॅसेजमध्ये उभ्या उभ्या व्हायला लागलं. सहा वर्षांची होईपर्यंत तू अंथरूण ओलं करायचीस, तिनं मलासुद्धा कितीतरी वर्षं कळू दिलं नव्हतं. तिचं हे मी कुठल्या तोंडाने तुला सांगणार होतो?

डायपर आणले, ती ओढून फेकते. ओला परकर नीट घडी करून कपाटात ठेवते, तुझ्या शाळेच्या दाखल्यांवर. रोज सात-सात चादरी धुतो मी. कंबर कामातून गेली आहे. घराला वास लागलाय, तो मला येत नाही, पण आलेल्याच्या चेहऱ्यावर दिसतो. तुझी मावशी आली होती, ती घाई आहे म्हणत बसलीसुद्धा नाही. पुन्हा आली नाही, आणि मीही बोलावलं नाही.

त्यात ती मला अंगाला हात लावू देत नाही. मी तिचा नवरा आहे हे तिला पटतच नाही, मी म्हणजे घरी आलेला प्लंबर. चाळीस वर्षं तोच धंदा केला, तेव्हा अगदीच चुकीचं म्हणता येत नाही म्हणा. ओलं बदलायला गेलो की परकर घट्ट धरून म्हणते, मिस्त्री, नळाचं काम झालं असेल तर निघा, आमचे हे येतीलच एवढ्यात. आणि त्या 'ह्यां'ची वाट बघत तासन् तास ओल्यातच बसते. एकदा मी चांगला शर्ट घालून बाहेर गेलो आणि बेल वाजवून आलो. दार उघडून म्हणाली, हे घरी नाहीत, उद्या या. जिन्यात बसून रडलो मी, बाळा.

आता जे लिहायचं ते लिहितो. गळती कुठे आहे ते सापडत नसेल, तर आधी मेन कॉक बंद करायचा आणि मग शोधत बसायचं, हे मी हाताखालच्या सगळ्या पोरांना शिकवलं. माझ्या डोक्याला दुसरं काही सुचतच नाही. मी तुझ्या आईचं पाणी बंद केलं. आधी दुपारनंतरचं, मग चहा अर्धा कप, मग गोळीपुरते दोन घोट. पाण्याचा जग कपाटावर ठेवला. चादरी सातावरून दोनावर आल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी दुपारी झोपलो. ती बेसिनपाशी जाऊन नळ फिरवत राहायची. खालचा कॉक मीच आवळून ठेवला होता. मिस्त्री, पाणी येत नाही हो, म्हणायची. मी म्हणायचो, वरूनच आलेलं नाही, बाई. बारा दिवस असं चाललं. तिच्याच घरात, तिचा मिस्त्री होऊन, मी तिच्याशी खोटं बोललो.

मग ताप चढला, ओठ फुटले, बडबडायला लागली आणि न्हाणीच्या दारात पडली. डॉक्टर म्हणाले, लघवीला जंतुसंसर्ग झालाय, अंगात पाणीच नाही, पाणी कमी पडलं की हे दुखणं उलट वाढतं. पाणी पीत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. नाही हो, फार हट्टी आहे, असं मी सांगितलं. तुलाही फोनवर तेच सांगितलं. आज सकाळी सिस्टरने तिला बसतं केलं आणि ग्लास ओठांशी धरला. तिनं तोंड उघडलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, मिस्त्री, चालेल का?

म्हणून लिहितोय. गुरुवारी ते तिला माझ्या हवाली करतील, कारण माझ्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही असं सगळा वॉर्ड म्हणतो. पहिले दोन दिवस मी नीट वागेन. पुढचं मला सांगता येत नाही. पुन्हा सात चादरी झाल्या की माझा हात कुठे जाईल, ते मला ठाऊक आहे. घरी न्यायच्या कागदावर मी सही करणार नाही. तू ये. तिला तुझ्याकडे ने, नाहीतर चांगली जागा बघून ठेव, पण माझ्या एकट्याच्या हाती देऊ नकोस. डॉक्टरांना खरं काय ते मी सांगेन, फक्त तू शेजारी उभी राहा. मला काय बोलायचं ते नंतर बोल, सगळं ऐकून घेईन. आधी तिला पाणी दे. मागेल तेवढं दे.

तुझाच,
बाबा